सूक्ष्मवाहिनी तुंबणे

द्रवातील निलंबित कण केसाहून बारीक वाहिनीत अडकल्याने प्रवाह मंदावणे किंवा थांबणे. मायक्रोफ्लुइडिक चिप, इंकजेट प्रिंटर, गाळण्या आणि शरीरातील केशवाहिन्या या सर्वांत हे घडते.

वाहिनीपेक्षा मोठा कण आला तर ती बुजणारच. त्यात विशेष काही नाही. दाट निलंबनात मात्र तोंड कणाच्या तीन-चार पट रुंद असूनही अनेक कण एकदम येऊन कमान धरतात. सर्वांत फसवा प्रकार चिकटण्याचा : एक कण भिंतीला चिकटतो, त्यावर दुसरा, आणि थर वाढत जातो. वीस (Wyss) या संशोधकाने व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पॉलिस्टायरिनच्या गोळ्यांवर केलेल्या प्रयोगात, तुंबण्याआधी पार होणाऱ्या कणांची सरासरी संख्या वेगावर किंवा कणांच्या दाटपणावर अवलंबून नसल्याचे आढळले. म्हणजे द्रव पातळ केल्यास चिप जास्त वेळ टिकेल, पण कण तेवढेच जातील.

रक्तात हाच प्रश्न रोज सुटतो. तांबडी पेशी 7–8 मायक्रोमीटरची, केशवाहिनी कधी 5 मायक्रोमीटरहूनही अरुंद. पेशी लवचीक म्हणून निभावते. सिकलसेल आजारात ऑक्सिजन सुटताच सदोष हिमोग्लोबिनचे तंतू जुळतात, पेशी ताठ होऊन विळ्याचा आकार घेते, शिवाय भिंतीलाही चिकटते. तंतू जुळण्याआधी पेशी केशवाहिनीतून निसटली तर निभावले; नाहीतर रक्त अडते आणि असह्य वेदना सुरू होतात. हिगिन्स, संगीता भाटिया, महादेवन आदींनी 2007 मध्ये हे चिपवर दाखवले : ऑक्सिजन कमी करताच रक्त थांबले, परत देताच वाहू लागले. गोळ्यांचा तुंबारा असा सुटत नाही.

मुंबईत सिकलसेल आजारावर संशोधन करणारी प्रमुख संस्था परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे : आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था. ती 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातले रुग्ण मात्र बहुतांशी विदर्भ, नंदुरबार, पालघर या भागांतले. संस्थेचे एक केंद्र विदर्भातच, चंद्रपूरला आहे, ते योग्यच. भारतीय रुग्णांत गर्भातील बाळाच्या प्रकारचे (फीटल) हिमोग्लोबिन बरेचदा जास्त आढळते आणि ते तंतू जुळू देत नाही. तरीही आजार सर्वांनाच सौम्य जातो असे नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते.