तोक्योच्या विद्यार्थ्यांचे 'सेटलमेंट'

आपल्या मंडळातील काही मुले आता इथल्या विद्यापीठांत शिकत आहेत आणि 'सर्कल' हा शब्द घरोघरी ऐकू येतो. अभ्यास सोडून हे कसले उद्योग, असे बऱ्याच पालकांना वाटते. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थी संघटनेची ही हकिगत.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना कांतो भूकंप झाला. एक लाखाहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, आणि त्यांतली बहुतेक आगीने. होन्जो भागातल्या एकाच मैदानावर, सामानसुमान घेऊन आसऱ्याला आलेले सुमारे ३८ हजार लोक जळून गेले. होंगो येथील तोक्यो इम्पीरियल विद्यापीठाचे ग्रंथालयही खाक झाले. ती आग वैद्यकशाखेच्या रसायन विभागातून पसरली होती. (आम्हा रसायनवाल्यांना हे अजून टोचते!)

वर्ग बंद पडले आणि विद्यापीठाच्या आवारात निर्वासितांची गर्दी झाली. तेव्हा कायद्याचे प्राध्यापक सुएहिरो इझुतारो यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनी मदतपथक उभारले. धान्य वाटायचे, हरवलेल्या नातलगांची चौकशी करायची, अशी कामे चालली. एरवी असे पथक महिन्या-दोन महिन्यांत मोडते. इथे मात्र मुलांनी ठरवले की गरीब वस्तीत कायमचे ठाण मांडायचे. ही कल्पना मूळची लंडनची, १८८४ च्या टॉयन्बी हॉलची. शिकलेल्यांनी दान पाठवण्याऐवजी वस्तीत स्वतः राहायला जावे, यालाच सेटलमेंट म्हणतात.

१९२४ साली होन्जोतील यानागिशिमा या कामगार वस्तीत त्यांची इमारत उभी राहिली. ती जागा आज सुमिदा वॉर्डात येते, किन्शिचो स्टेशनपासून फार लांब नाही. काम वाढत गेले. कामगारांसाठी शाळा निघाली, मुलांचे वर्ग, दवाखाना, वाचनालय आणि ग्राहक सहकारी संस्थाही आली. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कायदा सल्ला विभाग. घरमालक भाडेकरूला काढतो आहे, मजुरी थकली आहे, असे प्रश्न घेऊन लोक येत आणि विद्यार्थी ते सुएहिरो, होझुमी शिगेतो अशा प्राध्यापकांच्या देखरेखीखाली सोडवत. पुस्तकातला कायदा माणसाच्या घरात कसा शिरतो हे मुलांना इथेच कळले, तेव्हा अभ्यास सुटला असे कसे म्हणावे? आपल्याकडे मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून रात्रशाळा, वाचनालये चालवली. त्याच जातीचे हे काम, फक्त इथे ते विद्यार्थ्यांच्या हाती होते.

पण कामगारांना शिकवणारे विद्यार्थी सरकारच्या डोळ्यांवर आले. त्यांच्यात डाव्या विचारांचे बरेच होते, हेही खरे. चीनशी युद्ध सुरू झाल्यावर तर असल्या कामाला थारा उरला नाही आणि १९३८ मध्ये सेटलमेंट बंद पडले. चौदा वर्षांचे काम असे संपले.

युद्धानंतर मात्र विद्यार्थ्यांनी ही चळवळ पुन्हा उभी केली. कावासाकी येथील अशाच एका सेटलमेंटमध्ये एक तरुण केमिस्ट जाऊ लागला. त्याचे नाव काको सातोशी. जन्म १९२६, तोक्यो विद्यापीठाची उपयोजित रसायनशास्त्राची पदवी १९४८ ची, नोकरी शोवा देन्को कंपनीत. लहानपणी त्याला लष्करात वैमानिक व्हायचे होते, पण दृष्टी अधू निघाली. बरोबरीचे मित्र युद्धात गेले आणि आपण उरलो, तर उरलेले आयुष्य मुलांसाठी घालवावे असे त्याने ठरवले. वस्तीतल्या मुलांना तो कामिशिबाई दाखवी, म्हणजे चित्रांचे पुठ्ठे एकेक सरकवत गोष्ट सांगायची. (आपल्या पिंगुळीची चित्रकथी आठवते ना?) गोष्ट कंटाळवाणी झाली की मुले सरळ उठून खेळायला जात. असे परीक्षक आम्हाला पीएच.डी.लाही भेटले नाहीत!

याच मुलांपुढे घासूनपुसून काकोंची कथाकला तयार झाली. पहिले चित्रपुस्तक १९५९ साली आले, धरण बांधणाऱ्या कामगारांवरचे. नोकरी चालूच होती. १९६२ मध्ये अभियांत्रिकीची डॉक्टरेटही मिळवली. १९७३ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. 'कारासु नो पान्यासान', म्हणजे कावळ्यांची बेकरी, हे पुस्तक त्याच वर्षीचे. २०१८ साली ते वारले. आपल्या मुलांपैकी बहुतेकांनी ही बेकरी होइकुएनमध्ये ऐकली असेल, त्यांना विचारून पाहा.