वेगळा कप

नाना गोष्ट सांगायला बसले की आधी आकडा सांगायचे. "चोवीस-एक!" मग अडकित्ता चालवत गप्प. पुढचं आम्ही पोरांनी मागून घ्यायचं. 1932चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक, हॉकीचा सामना, समोर अमेरिका, आणि भारताच्या 24 गोलांपैकी 10 एकट्या रूपसिंगांचे. ध्यानचंदांचे 8. "थोरल्या भावापेक्षा दोन जास्त, आणि गडी आपल्या ग्वाल्हेरच्या फौजेतला!" नाना हे अशा थाटात सांगत की शहराच्या लष्कर भागातल्या दाणाओळीतली आमची ओसरी म्हणजे गोलपोस्टामागचीच जागा वाटे.

आजी पुण्याची. तिची गोष्ट तिच्या वडिलांकडून आलेली, पालवणकर बाळूंची. चांभाराचा पोरगा, आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरवी, मग साहेबांच्या क्लबात नेटमध्ये त्यांना गोलंदाजी टाकी. डावखुरी फिरकी अशी, की हिंदूंच्या संघाला त्याला नको म्हणणं परवडेना. 1906 साली या संघानं मुंबईत युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. इथवर आजीचा आवाज ठणठणीत. मग एकदम खाली यायचा. "पण चहाच्या वेळेला बाकीचे आत कपबशीत प्यायचे. त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात."

आमच्याही ओसरीच्या कोनाड्यात एक कप असे. निळ्या काठाचा, कान तुटलेला. गल्ली झाडायला येणाऱ्या बाईंचा. त्यात चहा वरून ओतायचा. पिऊन झाल्यावर त्याच तो विसळून पालथा घालत. एकदा गोष्ट संपल्यावर मी त्या कपाकडे बोट दाखवलं. आजी म्हणाली, "तो फुटका आहे, म्हणून बाहेर." त्यानंतर बाळूंची गोष्ट तिनं मला पुन्हा सांगितली नाही.

12 नोव्हेंबर 1991ला नाना मला टेम्पोत बसवून रूपसिंग स्टेडियमवर घेऊन गेले. वर्णभेदापायी एकवीस वर्षं वाळीत पडलेली दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली होती. पहिला सामना कलकत्त्यात झाला, दुसरा दोनच दिवसांनी आमच्या गावात. भारत 38 धावांनी जिंकला. खिशातली गजक संपल्यावर माझं लक्ष पाहुण्यांकडे गेलं. "नाना, यांच्यात काळं कुणीच नाही?"

"ठेवले असतील बाहेर," नाना मैदानावरची नजर न काढता म्हणाले.

पुढे मोठेपणी वाचताना नानांच्या 1932मधलीही एक गाळलेली जागा सापडली. टायडी पिकेट आणि लुईस स्टोक्स या दोन आफ्रिकी-अमेरिकन मुली त्याच ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या रिले चमूत निवडल्या गेल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या वाटेवर डेन्व्हरला मुक्काम पडला, तेव्हा हॉटेलात गोऱ्या मुली मेजवानीला बसल्या आणि या दोघींचं जेवण वर त्यांच्या खोलीत गेलं. शर्यतीच्या दिवशी दोघींना वगळून गोऱ्या मुली धावल्या. आमचे चोवीस गोल त्याच शहरात, अवघ्या काही दिवसांच्या अंतरानं झाले. पिकेटनं हार मानली नाही. 1936ला बर्लिनमध्ये ती अडथळ्यांच्या शर्यतीत उतरली आणि ऑलिंपिकमध्ये भाग घेणारी पहिली आफ्रिकी-अमेरिकन स्त्री ठरली. डेन्व्हरची ती खोली वाचताना मला पुण्याचं मातीचं भांडं आठवलं, आणि मग आमचा कोनाडा.

24 फेब्रुवारी 2010. पुन्हा तेच रूपसिंग स्टेडियम, पुन्हा दक्षिण आफ्रिका. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिननं इथं केलं आणि बाडा चौकात रात्री उशिरापर्यंत फटाके वाजले. ती दोनशेवी धाव निघाली चार्ल लँगेव्हेल्टच्या चेंडूवर. वर्णभेदाच्या कायद्यानं ज्यांना 'कलर्ड' असा शिक्का मारून गोऱ्यांपासून वेगळं काढलं, त्या समाजातला हा गोलंदाज. संघात हाशिम आमला होता, ड्युमिनी होता. 1991ला याच गवतावर असं एकही नाव नव्हतं. नाना तोवर गेले होते. नाहीतर त्यांना म्हटलं असतं, बघा, आत आले.

हल्ली भाच्यांना गोष्ट सांगताना मीही आकड्यानंच सुरुवात करतो. पण मातीचं भांडं गाळत नाही, आणि आवाज खाली आणत नाही. बाळूंचा धाकटा भाऊ विठ्ठल 1923 साली हिंदूंच्या संघाचा कप्तान झाला. खुद्द बाळूंना ते पद कधीच मिळालं नाही, हेही सांगतो.

मागच्या वर्षी दाणाओळीतलं घर रिकामं केलं. कोनाड्यात कप नव्हता. त्या बाईंचं नाव काय होतं, असं मी घरातल्या सगळ्यांना विचारून पाहिलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.