साराएव्होची हगादा आणि तिचे राखणदार

आमच्या घरात कुराणशरीफची एक जुनी प्रत होती. हिरव्या जुझदानात बांधून उंच फळीवर ठेवलेली. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्या आजोबांनी घरातल्या मुलांच्या जन्माच्या तारखा मराठीत लिहून ठेवल्या होत्या. एखाद्याचे नाव शाळेत घालायचे झाले की वडील हातपाय धुऊन ती प्रत खाली उतरवत आणि मागचे पान उघडत. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. जुने पुस्तक हाती आले की मजकुराआधी मी त्याची कोरी पाने पाहतो. ते कोणाकोणाच्या हातून आले हे तिथे कळते.

आज ज्या हस्तलिखिताविषयी सांगणार आहे ते माझ्या धर्माचे नाही, त्याची लिपी मला वाचता येत नाही आणि ते ठेवले आहे ते गावही मी पाहिलेले नाही. बोस्नियाची राजधानी साराएव्हो इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात ते आहे. त्याला साराएव्होची हगादा म्हणतात.

हगादा म्हणजे ज्यू कुटुंबांत वल्हांडण सणाच्या रात्री जेवणाच्या मेजावर वाचायची पोथी. मिसर देशातल्या गुलामगिरीतून आपले पूर्वज कसे सुटले, ही कथा घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगायची, असा तो विधी. त्या कथेतले मोशे म्हणजे आमचे मुसा पैगंबर. आपल्या मराठीलाही हगादा अनोळखी नाही. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांसाठी, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी जोड हगादा छापली गेली. त्यातल्या चित्रात सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पोशाखात आहेत.

साराएव्होची प्रत त्याहून सुमारे पाचशे वर्षांनी जुनी. १३५० च्या आसपास स्पेनमधल्या अरागॉनच्या राज्यात, बहुधा बार्सिलोना शहरात ती तयार झाली. आकाराने शाळेच्या वहीएवढी. वासराचे कातडे कमावून केलेल्या चर्मपत्राची १४२ पाने. सुरुवातीची ३४ पाने नुसती चित्रांची. जगाच्या उत्पत्तीपासून मोशेच्या मृत्यूपर्यंतची सारी कथा त्यांत रंगवलेली आहे, निळ्या-तांबड्या रंगांत आणि सोन्याच्या वर्खात. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, नाहीतर एक जरूर दाखवले असते. सणाच्या रात्री मेजाभोवती कुटुंब बसले आहे आणि त्यांच्यात एक काळ्या वर्णाची स्त्रीही आहे. ती कोण, यावर विद्वानांनी बरेच लिहिले आहे. मला एवढेच दिसते की ती पंगतीला बसली आहे.

पानांवर डाग आहेत, द्राक्षाच्या मद्याचे. म्हणजे कोणा धनिकाने एवढी मौल्यवान पोथी करवून घेतली, पण ती पेटीत ठेवली नाही. ती दरसाल मेजावर आली, मुलांच्या हातांत गेली. हे डाग मला सोन्याहून मोलाचे वाटतात.

१४९२ मध्ये फर्डिनंड आणि इसाबेला या राजा-राणीने स्पेनमधल्या ज्यूंना धर्म बदला नाहीतर देश सोडा असा हुकूम केला. काही महिन्यांच्या आत पिढ्यान्‌पिढ्यांची घरे रिकामी झाली. ही पोथी कोणाच्या गाठोड्यातून बाहेर पडली त्याची नोंद नाही. इटलीत मात्र ती नक्की पोचली, कारण तिथल्या एका माणसाने तिच्यावर आपली सही केली आहे. जोव्हानी दोमेनिको व्हिस्तोरिनी हे त्याचे नाव. ख्रिस्ती धर्मपीठाच्या वतीने ज्यूंची पुस्तके तपासणे हे त्याचे काम. आपण ही पोथी पाहिली, एवढाच त्याचा शेरा, खाली साल १६०९. व्हेनिस आणि रोममध्ये १५५३ साली ज्यूंच्या तालमुद ग्रंथाच्या प्रती चौकात जाळल्या होत्या. व्हिस्तोरिनीने नुसती मान हलवली असती तर ही पोथीही त्या वाटेने गेली असती. त्याने सही केली आणि ती परत दिली.

पुढची जवळजवळ तीनशे वर्षे अंधारात आहेत. मग १८९४ मध्ये योसेफ कोहेन नावाच्या माणसाने ती साराएव्होच्या नव्या संग्रहालयाला दीडशे क्राउनला विकली. पुस्तक संग्रहालयात गेले म्हणजे त्याची वणवण संपली, असे आपल्याला वाटते. हिची संपली नाही.

१९४१ मध्ये नाझींनी युगोस्लाव्हिया घेतला. साराएव्होच्या सिनॅगॉगची नासधूस झाली, ज्यूंना छळछावण्यांत नेले जाऊ लागले. १९४२ च्या सुरुवातीला योहान फोर्टनर हा जर्मन सेनापती संग्रहालयात आला आणि त्याने हगादा मागितली. तिथले ग्रंथपाल होते देर्विश कोर्कुत. त्राव्हनिक गावच्या मुस्लिम घराण्यातले, इस्तंबूलला धर्मशास्त्र शिकलेले, अनेक भाषा जाणणारे. त्यांच्या घरच्यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी. सेनापती पोचायच्या आत कोर्कुतांनी पोथी तळघरातून आणून कमरेला खोचली आणि वर कोट चढवला. संग्रहालयाचे संचालक योझो पेत्रोविच हे क्रोएट ख्रिस्ती. त्यांना जर्मन येत नव्हते, म्हणून दुभाषेपण कोर्कुतांकडेच. तुमचाच एक अधिकारी येऊन पोथी घेऊन गेला, असे सेनापतीला सांगण्यात आले. कोण अधिकारी, त्याचे नाव काय? साहेब, आम्ही कसे विचारणार! पोथी अंगाशी धरून हा माणूस दुभाष्याचे काम करत उभा होता. पुढे ती डोंगरातल्या एका खेड्यात मशिदीत, कुराणाच्या प्रतींमध्ये ठेवली होती, असे सांगतात. युद्ध संपल्यावर ती संग्रहालयात परत आली.

मराठीतला ‘अनामत’ हा शब्द मूळ अरबी ‘अमानत’. आपण तो आता कॉलेजच्या फीच्या पावतीवर आणि निवडणुकीत जप्त होण्यापुरता ठेवला आहे. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू, जी आपल्याकडे विश्वासाने आहे आणि जशीच्या तशी परत करायची आहे. लहानपणी मला कुराणातला हा शब्द शिकवला तेव्हा तो पैशांच्या व्यवहाराचा वाटला होता. कोर्कुतांची गोष्ट वाचली तेव्हा तो मला नीट कळला.

मे १९९२ मध्ये वेढा पडलेल्या साराएव्होत सर्ब सैन्याने तिथल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटवर आगीचे गोळे टाकले. अरबी, फारसी, तुर्की आणि अरबी लिपीतली बोस्नियन अशी ५,२६३ हस्तलिखिते तिथे होती. ती जवळजवळ सगळी जळली. त्यांच्याही कोऱ्या पानांवर कोणाच्या आजोबांनी काही लिहिलेले असेल. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. त्याच सुमारास ज्या संग्रहालयात हगादा होती ते ऐन आघाडीच्या रेषेवर होते. जूनमध्ये पुरातत्त्वाचे प्राध्यापक एन्व्हेर इमामोविच पोलिसांना सोबत घेऊन गोळीबारातच आत शिरले आणि त्यांनी तिजोरीतून ती काढून बँकेच्या तळघरात पोचवली. हे इमामोविचही मुसलमान. स्वतःच्या वाडवडिलांच्या पोथ्यांची राख हवेत उडत होती त्या उन्हाळ्यात साराएव्होच्या माणसांनी ज्यूंची पोथी वाचवली. या ओळीवर मी दरवेळी थांबतो. अभिमान वाटतो, आणि त्या पाच हजार पोथ्यांसाठी पोटात तुटतेही.

२००२ पासून ती पुन्हा लोकांना पाहायला ठेवली गेली. निधीअभावी २०१२ ते २०१५ अशी तीन वर्षे त्या संग्रहालयाचेच दार बंद होते, तेव्हाही कर्मचारी पगाराविना कामावर येत राहिले. २०१७ मध्ये युनेस्कोने तिला आपल्या ‘जागतिक स्मृती’च्या यादीत घेतले.

कोर्कुतांविषयी थोडे राहिले. त्यांनी १९४२ मध्ये पोथीबरोबर एक मुलगीही वाचवली होती. मीरा पापो तिचे नाव, ज्यू. कोर्कुत तिला घरी घेऊन आले. त्यांच्या तरुण पत्नीने, सेर्वेतने, तिला मुस्लिम मोलकरणीचा पोशाख दिला आणि बाहेर पडण्याची सोय होईपर्यंत सांभाळले. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीने कोर्कुतांना तुरुंगात टाकले. १९६९ मध्ये ते गेले. १९९४ मध्ये मीराने इस्राएलमधून आपली साक्ष लिहून पाठवली आणि ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या सन्मानाच्या यादीत देर्विश आणि सेर्वेत या दोघांची नावे लागली. सेर्वेतबाईंना मानपत्र मिळाले.

१९९९ मध्ये कोसोव्होतून मुसलमानांना हाकलले जात होते. त्यांत कोर्कुतांची धाकटी मुलगीही होती. नवऱ्यासह ती मॅसेडोनियात पोचली तेव्हा तिच्याजवळ त्या मानपत्राची एक झेरॉक्स होती. तो कागद तिने तिथल्या ज्यू मंडळींना दाखवला. त्यांनी तिला विमानाने इस्राएलला पाठवले. विमानतळावर उतरल्यावर गर्दीतून एक माणूस पुढे आला आणि तिच्याशी तिच्याच भाषेत बोलू लागला. तो मीराचा मुलगा होता.