पक्षाघातोत्तर चालन-पुनर्वसन

पक्षाघातोत्तर चालन-पुनर्वसन : मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे किंवा ती फुटल्यामुळे शरीराच्या एका बाजूची हालचाल नष्ट वा क्षीण झाली असता, त्या बाजूच्या पायास पुन्हा वळण लावून रुग्णाला बसविणे, उभे करणे, तोल सांभाळावयास शिकविणे आणि अखेरीस आपल्या पायांनी चालते करणे, ह्या हेतूने दिल्या जाणाऱ्या तालमीस ही संज्ञा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या प्रकरणात ह्या विकाराचे वर्णन पक्षवध म्हणून येते. ग्रांथिक मराठीत त्यास अर्धांगवायू म्हणतात. देशावरचा माणूस ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतो. आणि वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट, वाराशिवनी व लांजीपासून थेट गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत, मराठी, पोवारी व हिंदी बोलणाऱ्या सर्वांच्याच तोंडी ‘लकवा मारला’ हा एकच प्रयोग रूढ आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याचा शेजारी भंडारा मुंबई राज्यात गेला, तरी आजाऱ्याची वाट जुन्या नागपूर विभागाच्या रोखानेच चालत राहिली. प्रथम बालाघाटचे जिल्हा इस्पितळ, तेथून जमल्यास गोंदियाचे २०१६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि प्रकरण कठीण असल्यास नागपूर, जेथे असेच महाविद्यालय १९४७ पासून आहे. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बैहरच्या पठारावरील एखाद्या आडवाटेच्या टोल्यावरून मोटार मिळवून, घाट उतरून, मेंदूचे छायाचित्रण होईपर्यंत ती घटका बहुधा टळून गेलेली असते. सबब ह्या मुलखातील बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला जो उपचार खऱ्या अर्थाने येतो तो पुनर्वसनाचाच, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित राहावा ही मोठी खेदाची गोष्ट होय. हे दुखणे शहरी सुखवस्तूंचे आहे ही समजूतही आता टिकण्यासारखी नाही. वैनगंगेच्याच खालच्या अंगास, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतर्फे डॉ. योगेश्वर काळकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील दोन वर्षांच्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे शेकडा १४.३, पक्षाघाताने घडल्याचे आढळले. त्या खेड्यांत दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे दगावली नव्हती.

पाय हातापेक्षा लवकर परततो, हे घरोघरी पाहण्यात येते आणि त्याला शारीरिक आधारही आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींचा जो पट्टा आहे त्यात पायाची जागा दोन्ही गोलार्धांच्या मधल्या, आतल्या बाजूस असून तिला रक्त पुरविणारी वाहिनी निराळी आहे. ज्या वाहिनीत गुठळी बहुधा अडकते ती मुख्यत्वे तोंड व हात यांच्या जागेवर घाला घालते. शिवाय बोटांनी सुईत दोरा ओवणे आणि दोन पायांवर चालणे ह्या क्रिया एका जातीच्या नव्हेत. चालण्याची लय पुष्कळशी मेंदूच्या बुंध्यात व मज्जारज्जूत वसलेली असते आणि ती जागविण्यास दोन्ही बाजू हातभार लावतात. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु शेजारच्या व पलीकडच्या पेशी नवे संबंध जोडून त्यांचे काम अंशतः उचलतात, आणि हे संबंध तीच तीच क्रिया पुनःपुन्हा, थोडी कठीण करीत केली असताच दृढ होतात. तेलाने चोळल्याने कातडी मऊ होते व रुग्णास बरे वाटते, हे खरे. पण चोळणारा हालतो आणि रुग्ण पडून राहतो, तेव्हा मेंदूला शिकावयास काहीच मिळत नाही.

सुधारणेचा मोठा हिस्सा आरंभीच्या आठवड्यांतच पदरात पडतो. कोपनहेगन येथे ८०४ रुग्णांचा जो पाठपुरावा होऊन १९९५ साली प्रसिद्ध झाला, त्यात वाचलेल्यांपैकी शेकडा ६४ जण अखेरीस कोणाच्याही मदतीवाचून चालू लागले, १४ जण मदतीने चालले, २२ जण चालू शकले नाहीत. आणि शेकडा ९५ रुग्णांनी आपल्या चालण्याची परमावधी पहिल्या अकरा आठवड्यांतच गाठली होती. ह्यानंतर काही होतच नाही असे कोणी समजू नये, कारण वर्षानंतरही वेग व दम वाढविता येतो. तथापि हे अकरा आठवडे कबुतराच्या रक्ताच्या मर्दनात किंवा एका देवस्थानाहून दुसऱ्याकडे नेण्यात खर्ची पडले तर ते परत मिळत नाहीत. दुसऱ्या टोकाचा उतावीळपणाही बरा नव्हे. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवून उभे केलेल्यांची स्थिती नेहमीच्या सावध क्रमाने उठविलेल्यांपेक्षा किंचित वाईटच ठरली. एक दिवस थांबून, नाडी व रक्तदाब पाहून, मग थोडे थोडे उठवावे, असा त्याचा इत्यर्थ. तिसऱ्या दिवसापर्यंत जो रुग्ण आधारावाचून अर्धा मिनिट बसू शकतो आणि ज्याच्या दुबळ्या पायात किंचित का होईना जोर दिसतो, तो सहा महिन्यांत स्वतंत्रपणे चालेल अशी जवळजवळ खात्री देता येते, हे नेदरलंड्समधील निरीक्षणांनी दाखविले आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत लुळी बाजू सोडून देऊन चांगल्या बाजूवर कसेबसे भागविण्यास शिकविण्याचीच चाल होती. बर्लिनहून परागंदा होऊन लंडनला आलेल्या बेर्टा बोबाथ व त्यांचे पती कारेल यांनी १९४० नंतरच्या दशकात ती मोडली आणि दुबळ्या बाजूवरच भार देऊन तिची नैसर्गिक हालचाल परत आणण्याचा आग्रह धरला. अमेरिकेत सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी लुळेपणा, मग ताठरपणा, मग संपूर्ण पायाची एकगठ्ठा हालचाल आणि शेवटी एकेका सांध्याची सुटी हालचाल, असा सुधारणेचा क्रम लावून दिला, जो आजही तपासणीच्या कागदावर नोंदला जातो. पुढे ऑस्ट्रेलियातील जॅनेट कार व रॉबर्टा शेपर्ड यांनी ज्या कामाची उणीव आहे तेच काम शिकवावे, खुर्चीवरून उठता येत नसेल तर उठण्याचीच तालीम द्यावी, हे सूत्र मांडले. आजचा कल ह्या सूत्राकडे आहे आणि तो योग्यच आहे. भारतात भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबईस सुरू झाले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ सालची.

प्रत्यक्ष उपचार घराच्या अंगणात पाहावा. झाडीपट्टीतील घरात रुग्णास सुतळीच्या बाजेवर निजविण्याची रीत आहे. पण बाज मध्यभागी खोल जाते, कंबर खाली व गुडघे वर राहतात, आणि उठणे धडधाकट माणसासही अवघड होते. त्याऐवजी गुडघ्याइतक्या उंचीचा लाकडी तख्तपोस घ्यावा. पाय गुडघ्याच्या किंचित मागे ओढून टाचा टेकवाव्या, नाक पायांच्या बोटांच्या पुढे येईल इतके वाकावे, आणि भार दोन्ही पायांवर घेऊन उठावे; उठविणाऱ्याने कमरेच्या पट्ट्यास धरावे, लुळा हात ओढून उठवू नये, कारण तशाने खांदा निखळतो आणि तो पुढे महिनोन्महिने ठणकत राहतो. अंगणात चार खुंट रोवून त्यांवर कमरेच्या उंचीने दोन बांबू बांधले की आधाराच्या दांड्या तयार होतात, आणि बालाघाटच्या वनांत बांबूला तोटा नाही. त्या दोन बांबूंमध्ये चालणाऱ्याचे पाऊल क्षणभर निरखावे : गुडघा वाकत नाही, घोटा उचलत नाही, म्हणून अख्खा पाय विळ्यासारखा बाहेरून फिरवून पुढे टाकला जातो, बोटे जमिनीला घासतात, आणि महिनाभरात त्या पायातील चपलेची अंगठ्याकडील व बाहेरील कड झिजून कागदासारखी होते. ती चप्पल पाहूनच जाणत्याला दोष कुठे आहे ते कळते. अशा पायास मागे पट्टा असलेले पादत्राण, आणि घोट्याला काटकोनात धरणारी हलकी पट्टी लागते. काठी चांगल्या हातात धरावयाची असते. पायरी चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुबळा पाय आधी टाकावयाचा असतो. उंबरठा हा ह्या रुग्णांचा पहिला घाट होय. जन्मभर बांधीत वाकून रोवणी केलेल्या आणि उकिडवे बसून जेवलेल्या माणसाला पुन्हा जमिनीवरून उठता आले, तरच तो आपल्या घरात वावरू लागला असे म्हणता येते. परदेशी पुस्तकांतील खुर्चीपुरत्या परीक्षा येथे अपुऱ्या पडतात.

यंत्रे किती लागतात हा प्रश्न गरीब कुटुंबे हटकून विचारतात. दोरांनी शरीराचा भार तोलून सरकत्या पट्ट्यावर चालविण्याच्या महाग पद्धतीची तुलना, भौतिकोपचारकाने घरी येऊन करवून घेतलेल्या बळ व तोल वाढविणाऱ्या व्यायामाशी, अमेरिकेत ४०८ रुग्णांवर करण्यात आली. २०११ साली निकाल आला तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या; वर्षअखेर एकंदरीत शेकडा ५२ जणांचे चालणे वरच्या पायरीवर गेले होते. ह्यावरून घरच्या माणसांनीच सर्व करावे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तोही भारतात पारखला गेला आहे. १४ इस्पितळांतील १,२५० रुग्णांच्या परीक्षेत काहींच्या नातलगांस शिकवून घरची तालीम त्यांच्यावर सोपविली गेली. सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७ इतके सारखेच भरले. हा निकाल २०१७ चा. दोन्ही परीक्षांत घर होते. एकीत दर खेपेस पाऊल पाहून चूक सुधारणारा शिकलेला डोळा होता, दुसरीत तो इस्पितळातून निघतानाच बहुतांशी मागे राहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते बालाघाटसारख्या जिल्ह्याने ह्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच : सरकत्या पट्ट्यासाठी पैसा अडवून न ठेवता भौतिकोपचारकाच्या तहसीलवार फेरीची तजवीज करावी, आणि फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतील शेकडो पावलांची जबाबदारी सुनेने, मुलाने, नातवाने घ्यावी. ही पावले खरोखरच शेकड्यांनी लागतात. अमेरिका व कॅनडातील सुसज्ज केंद्रांतही एका बैठकीत सरासरी ३५७ पावलेच पडतात असे मोजणीत दिसले, आणि तीही तज्ज्ञांस अपुरी वाटली.

घोटा उचलण्यासाठी पोटरीच्या पुढील मज्जातंतूस विजेचा सौम्य झटका देण्याची युक्ती १९६१ पासून ज्ञात आहे व ती उपयोगी पडते. ताठर पोटरीत बोट्युलिनमची सुई दिल्याने टाच टेकू लागते, पण चालण्याचा वेग फारसा वाढत नाही. फ्लुऑक्सेटिन ह्या औषधाने हालचाल लवकर परतते अशी एके काळी आशा होती. ३,१२७ रुग्णांच्या ब्रिटिश परीक्षेने २०१८ साली ती मावळली, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढलेले आढळले.

ह्या टापूत एक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. गोंड व इतर काही समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो, आणि त्यामुळे पक्षाघात लहान मुलासही होतो. शाळकरी पोर अचानक एक पाय ओढू लागले तर त्यास बाहेरची बाधा न समजता रक्त तपासून घ्यावे. त्याची तालीम खेळाच्या रूपाने द्यावी लागते, आणि रक्ताचा इलाज चालू नसेल तर झटका पुन्हा येतो.

प्रगती मोजण्यास उपकरण लागत नाही. अंगणात दहा मीटरांची दोरी टाकून, तिच्या दोन्ही टोकांस थोडी जागा सोडून, रुग्णास नेहमीच्या चालीने चालू द्यावे व घड्याळ पाहावे. पंचवीस सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर फिरणे घरापुरते. त्याच्या आत आल्यास गल्ली व शेजार. आणि साडेबारा सेकंदांच्या आत आल्यास आठवडी बाजारात जाऊन, रस्ता ओलांडून, पिशवी घेऊन परतण्याइतका वेग आला असे धरतात. दर रविवारी हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या फेरीस येणाऱ्या भौतिकोपचारकास विचारपूस करीत बसावे लागत नाही.