चायना सिंड्रोम आणि एक विझलेला दिवा

शनिवारी रात्री 'द चायना सिंड्रोम' पुन्हा पाहिला. कॉलेजात असताना पाहिला होता, तेव्हा डोक्यात एवढंच राहिलं होतं की अणुभट्टी फुटते आणि माणसं मरतात. या वेळी नीट बघितलं, तर भट्टी फुटतच नाही! किरणोत्सर्गाने एकही माणूस मरत नाही. वेल्डिंगचे खोटे एक्स-रे आणि ते दडपणारी माणसं, हा खरा विषय. लक्षात मात्र भट्टी राहते.

चित्रपट आला १६ मार्च १९७९ ला. त्यात एक शास्त्रज्ञ म्हणतो की असा अपघात झाला तर पेनसिल्व्हेनियाएवढा प्रदेश राहण्यालायक उरणार नाही. आणि बरोबर बारा दिवसांनी, २८ मार्चच्या पहाटे, पेनसिल्व्हेनियातल्याच थ्री माइल आयलंडची दोन नंबरची भट्टी बिघडली. कुठल्या पटकथाकाराची असं लिहायची हिंमत झाली नसती :-)

चित्रपटात पाण्याच्या पातळीचा काटा अडकलेला असतो. जॅक लेमन टिचकी मारतो आणि काटा खाली येतो. खऱ्या भट्टीत दाब कमी करणारी झडप उघडीच अडकली होती, पण पॅनेलवरचा दिवा विझलेला, म्हणजे झडप बंद! गंमत अशी, की तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. 'बंद हो' असा सिग्नल गेला, की तो विझायचा. ऑपरेटरांना वाटलं पाणी जास्त झालंय, म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. माझ्याच एका प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये दोन आठवडे 'सक्सेस' येत होतं. म्हणजे काय, तर डेटा पाठवला. पलीकडे एकही रेकॉर्ड पोचलं नव्हतं. माझं एका रात्रीत निस्तरलं. तिथली साफसफाई १९९३ पर्यंत चालली, खर्च सुमारे एक अब्ज डॉलर.

बाहेर पडलेला किरणोत्सर्ग थोडाच होता. आसपासच्या वीस लाख लोकांना सरासरी डोस मिळाला तो छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी. तरी लाखावर माणसं घरं सोडून गेली. मला त्यांना वेडं म्हणवत नाही. पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि लहान मुलांना बाहेर पडायचा सल्ला खुद्द गव्हर्नरने दिला होता, आणि कंपनीचा माणूस 'सगळं ठीक आहे' म्हणतो तेव्हा काय समजायचं, हे थिएटरात नुकतंच बघून झालं होतं.

या सिनेमाने अमेरिकेतली अणुऊर्जा बुडवली असंही म्हणतात. ते काही पटत नाही. नव्या भट्ट्यांच्या ऑर्डरी १९७४ नंतरच आटत चालल्या होत्या.

असो. हायड्रोजन बॉम्बवाले एडवर्ड टेलर यांनी मात्र सिनेमाला फारच मनावर घेतलं. जुलै १९७९ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये त्यांची दोन पानी जाहिरात आली: थ्री माइल आयलंडचा एकमेव बळी मीच, कारण जेन फोंडा वगैरे मंडळींच्या प्रचाराला उत्तरं देता देता मला हार्ट अटॅक आला. जाहिरातीचे पैसे भरले होते ड्रेसर इंडस्ट्रीजने. ती अडकलेली झडप त्यांनीच बनवलेली.