घरगुती बिअरसाठी धान्य धुण्याची साधने

मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. बिअरसाठी हे माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले, की त्यातील पिष्टाची साखर होते. हा गोड अर्क निथळून घेतल्यावरही एक किलो माल्टच्या चोथ्यात सुमारे एक लिटर द्रव अडकून राहतो. त्यातील साखर गरम पाण्याने धुऊन काढण्याच्या क्रियेस ‘स्पार्जिंग’ म्हणतात. कारखान्यात त्यासाठी सच्छिद्र तळाची पोलादी टाकी आणि फिरते फवारे असतात. वीस लिटर बिअर करणारा हौशी माणूस हेच काम बादलीत उरकतो.

ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी परवान्याची अट रद्द झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये तशा केंद्रीय कायद्यावर स्वाक्षरी केली. तरी अलाबामा व मिसिसिपी या राज्यांत ही मुभा मिळण्यास २०१३ साल उजाडले. (महाराष्ट्रात परवान्याविना मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.) या हौशी मंडळींनी स्वयंपाकघर आणि नळकाम यांतील वस्तूंपासूनच आपली साधने घडवली.

अमेरिकी लेखक चार्ली पापाझियन यांनी लोकप्रिय केलेले साधन सर्वांत साधे. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या दोन बादल्या एकात एक बसवायच्या. आतल्या बादलीच्या तळाला शेकडो बारीक छिद्रे आणि बाहेरचीला तळाशी तोटी. गाळण्याचे खरे काम मात्र ही छिद्रे करीत नाहीत. ते धान्याच्या सालींचा थरच करतो. छिद्रांनी फक्त तो थर तोलून धरायचा असतो. म्हणूनच सुरुवातीचा गढूळ अर्क थराला धक्का न लावता पुन्हा वर ओततात. बादलीचा दोष एवढाच, की ती लवकर थंड होते.

त्यामुळे अनेकांनी सहलीची शीतपेटी वापरात आणली. तिच्या तळाशी करवतीने खाचा पाडलेल्या तांब्याच्या नळ्यांची जाळी बसवतात, किंवा पाण्याच्या लवचीक नळीवरचे विणलेले पोलादी आवरण काढून तेच तोटीला जोडतात. यांतले काय निवडावे हे धुण्याच्या पद्धतीवर ठरते. वरून सतत पाणी सोडून तितकेच खालून काढायचे असेल, तर नळ्यांची मांडणी महत्त्वाची. त्या भिंतीलगत असल्या तर पाणी कडेने उतरते आणि मधले धान्य धुतलेच जात नाही. सगळे पाणी एकदम ओतून, ढवळून, थर बसू देऊन मग निथळले, तर मांडणीचा प्रश्नच उरत नाही. साखर थोडी कमी मिळते, पण मूठभर माल्ट वाढवून ती तूट भरून निघते. घरच्या प्रमाणावर हीच पद्धत शहाणपणाची.

तोटी एकदम पूर्ण उघडली तर थर दबतो आणि प्रवाह अडतो. भरड फार बारीक असली किंवा साल नसलेला गहू अधिक असला, तरी हेच घडते. अशा मिश्रणात आधीच धुतलेली भाताची तुसे मिसळतात. धुण्याचे पाणी ७७ अंशांपेक्षा गरम नसावे आणि उतरणाऱ्या अर्काची विशिष्ट घनता १.०१० वर आली की थांबावे. त्यापुढे आम्लता कमी होऊन सालींतील टॅनिन उतरते व बिअर तुरट होते. ती चव नंतर काढता येत नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि शिसेयुक्त डाक मात्र कटाक्षाने टाळावेत.

या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील हौशी लोकांनी ही साधनेच बाजूला ठेवली. माल्ट जाळीदार कापडाच्या मोठ्या पिशवीत भरून, सगळे पाणी सुरुवातीलाच घेऊन, पुढे उकळण्याच्याच भांड्यात ते भिजवायचे आणि पिशवी उचलून निथळायची. ओली पिशवी जड आणि गरम असते. तिला वर टांगण्यासाठी छताला कप्पी लावणारेही आहेत.