कल्याणचा बिशप आणि ‘पाखंडी’ ठरवण्याचा धंदा

डिसेंबर उजाडला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज न चुकता फिरतो : ख्रिस्ती धर्म म्हणजे इंग्रजांबरोबर आलेली गोष्ट. सोलापूरपुरतं बघितलं तर ते खरंही वाटतं. आपल्याकडच्या चर्चचा आणि मिशन शाळांचा इतिहास एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभा राहिलेला. (म्हणजे तिथेही इंग्रज नाहीतच, पण ते असो.) महाराष्ट्राचा विचार केला, तर मात्र हा हिशेब हजारेक वर्षांनी चुकतो. आणि गंमत म्हणजे, इथे आधी आलेले ख्रिस्ती युरोपातल्या चर्चच्या लेखी ‘पाखंडी’ होते.

इ.स. ५५०च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या माणसाने ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिलं. हा आधी व्यापारी, नंतर साधू झालेला. पृथ्वी गोल नसून पेटीसारखी आहे हे सिद्ध करायला त्याने पानंच्या पानं खर्ची घातली, ते सोडून द्या. पण बंदरांबद्दल तो लिहितो ते व्यापाऱ्याच्या नजरेने. ‘कल्लियाना’ नावाचं मोठं बंदर आहे, तिथून तांबं, शिसवीचं लाकूड आणि कापड जातं, आणि तिथे इराणातून नेमलेला एक बिशप आहे, असं तो सांगतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे आपलं ठाण्याशेजारचं कल्याण.

यात नवल नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. आपल्या बार्शीच्या पलीकडचं तेर तर त्याआधीपासून कापडासाठी प्रसिद्ध. तिथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जायचा, असं पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासवर्णन सांगतं. जिथे माल जातो-येतो, तिथे देवही येतात.

पण बिशप इराणातून का? रोममधून का नाही? इथे खरी गोष्ट सुरू होते.

इ.स. ४२८ मध्ये नेस्टोरियस कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू झाला. त्याचं म्हणणं साधं होतं : मरियमला ‘देवाची आई’ म्हणू नका, ‘ख्रिस्ताची आई’ म्हणा. देवाला आई कशी असेल? ख्रिस्तातला देव आणि ख्रिस्तातला माणूस यांची गल्लत करू नका. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू सिरिल भडकला. वाद शब्दाचा होता, पण त्याच्या मागे दोन बलाढ्य शहरांची चुरसही होती.

४३१ मध्ये इफिसस गावी परिषद बोलावली गेली. नेस्टोरियसच्या बाजूचे पूर्वेकडचे बिशप अजून वाटेतच होते. सिरिलने वाट न बघता परिषद सुरू केली आणि नेस्टोरियसला पाखंडी ठरवून मोकळा झाला. आपल्याकडे समोरची पार्टी पोचायच्या आत सर्वसाधारण सभा उरकतात, तसंच. वाटेतली मंडळी काही दिवसांनी पोचली, त्यांनी वेगळी सभा भरवून सिरिललाच पदावरून काढलं. बादशहाने आधी दोन्ही ठराव मान्य केले! शेवटी सिरिल आपल्या गादीवर परतला आणि नेस्टोरियस इजिप्तच्या वाळवंटात हद्दपारीत गेला. त्याची पुस्तकं जाळायचा हुकूम सुटला.

नेस्टोरियस बिचारा निष्पाप होता असंही नाही. गादीवर बसल्यावर काही दिवसांतच त्याने दुसऱ्या एका ‘पाखंडी’ पंथाचं प्रार्थनाघर पाडायला घेतलं होतं. जो शिक्का त्याने दुसऱ्यावर मारला, तोच फिरून त्याच्या कपाळी आला.

त्याला मानणाऱ्यांना रोमन साम्राज्यात जागा उरली नाही. इराणातलं चर्च आधीच स्वतंत्र होतं, तिथे त्यांना आसरा मिळाला. व्यापाऱ्यांच्या वाटेने हे चर्च ६३५ मध्ये चीनपर्यंत पोचलं. आणि समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर.

पुढचा धागा ठाण्यात सापडतो. १३२१ मध्ये युरोपातून निघालेले काही ख्रिस्ती साधू ठाण्याला उतरले. नंतर आलेल्या ओडोरिक नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय, की ठाण्यात नेस्टोरियन ख्रिश्चनांची पंधरा घरं होती, आणि ते पाखंडी होते. पण त्या परक्या साधूंना घरात जागा दिली ती या ‘पाखंड्यां’नीच! पुढे त्या यजमानाचं बायकोशी भांडण झालं, त्याने तिला मारलं, ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून साधूंचं नाव सांगितलं. चौकशीत गोष्ट धर्मावर गेली आणि चार साधूंचा जीव गेला. मेलेले हुतात्मे झाले, त्यांची नावं चर्चने जपली. आसरा देणाऱ्या पंधरा घरांतलं एकही नाव आपल्याला माहीत नाही.

केरळात हीच इराणी परंपरा भक्कम होती. तिच्यावर घाव घातला तो बाहेरच्या धर्माने नाही, स्वधर्मीयांनी. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूरला परिषद भरवली. नेस्टोरियसचा धिक्कार करायला लावला, सिरियाक भाषेतली पुस्तकं मागवली, काही दुरुस्त केली, बाकीची जाळली. लोक विसरले नाहीत. १६५३ मध्ये मट्टनचेरीला हजारोंनी क्रूसाची शपथ घेऊन जेझुइटांचा अंमल झुगारला.

आता शेवट ऐका. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एकत्र सही केली, की ख्रिस्ताबद्दल आमची श्रद्धा एकच आहे. मरियमला तुम्ही ज्या नावाने हाक मारता तीही बरोबर, आम्ही मारतो तीही बरोबर. म्हणजे १५६३ वर्षांनी! मधल्या काळात हद्दपार झालेल्यांना आणि जळालेल्या पोथ्यांना हे कुणी सांगायचं?

हे सोलापूरच्या माणसाने का वाचायचं? कारण आपल्या जवळ दुसरं एक कल्याण आहे, बसवकल्याण. बसवण्णांची परंपरा आपल्या मंगळवेढ्यातून तिथे गेली. आपले सिद्धरामेश्वर तिथल्या अनुभव मंटपात गेले. समगार हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लावलं म्हणून राजदंड झाला, शरणांची पांगापांग झाली आणि त्यांनी वचनांची गाठोडी जिवाशी धरून वाचवली, असं परंपरा सांगते. त्या काळी तेही धर्मबुडवेच ठरले होते. आज संक्रांतीला त्याच सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांपुढे अख्खं सोलापूर हात जोडतं.

मला यातून एवढंच दिसतं : पाखंडी कोण हे बऱ्याचदा पोथी ठरवत नाही. सभा कुणी आधी भरवली, बादशहा कुणाच्या बाजूला झुकला, काडेपेटी कुणाच्या हातात होती, यावरून ते ठरतं. आज काडेपेटीच्या जागी फॉरवर्डचं बटण आहे. कुणाला ‘धर्मद्रोही’ म्हणणारा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं विचारा, की दुसरी बाजू सभेला पोचली होती का? की अजून वाटेतच आहे?